खासगीच्या पैशाचे दोन वाडे

विठ्ठलाच्या देवळातून नामदेव पायरीवर पाय न ठेवता बाहेर आले, की महाद्वाराचा रस्ता चंद्रभागेकडे उतरतो. बुक्का, अष्टगंध, तुळशीच्या माळा, चुरमुरे आणि पितळी भांड्यांच्या दुकानांतून वाट काढत माणूस घाटावर येतो तो वाळवंटाच्या ओढीने. नजर पुंडलिकाच्या कळसावर असते. त्यामुळे महाद्वार घाटाच्या अंगाला उभ्या असलेल्या दोन मोठ्या वाड्यांकडे त्याचे बहुधा लक्ष जात नाही. एक होळकरांचा, त्यात रामाचे देऊळ. दुसरा शिंद्यांचा, त्यात द्वारकाधीश.

मराठ्यांचा इतिहास थोडाफार ठाऊक असणाऱ्याला या शेजाराचे नवल वाटल्याशिवाय राहणार नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस शिंदे आणि होळकर यांनी एकमेकांचे जेवढे रक्त सांडले, तेवढे परक्यांनीही क्वचितच सांडले असेल. इंदूर जळाले, पुणे लुटले गेले, त्या भाऊबंदकीत अखेर दौलतही गेली. आणि इथे त्याच दोन घराण्यांचे वाडे एका घाटाच्या आधाराने उभे आहेत. दोन्ही वाड्यांमागे त्या घराण्यांतल्या स्त्रिया आहेत. पहिला अहिल्याबाई होळकरांच्या काळचा, दुसरा बायजाबाई शिंदे यांचा. या वाड्यांचा इतिहास समजून घ्यायचा तर लढायांच्या आधी एक शब्द समजून घ्यावा लागतो. तो शब्द म्हणजे ‘खासगी’.

दौलत वेगळी, खासगी वेगळी

मराठा सरदारांच्या घरात दोन हिशेब चालत. एक दौलतीचा. छत्रपतींच्या नावाने पेशव्यांनी लावून दिलेला सरंजाम, त्यातून बाळगायची फौज, घोडी, तोफा, बारूद. हे उत्पन्न कर्त्या पुरुषाच्या नावे आणि चाकरीच्या अटीवर असे. दुसरा हिशेब खासगीचा. काही महाल आणि गावे घरच्या स्त्रीच्या नावे वेगळी काढून दिलेली असत. त्यांच्या वसुलीवर फौजेचा हक्क नसे. तो पैसा घरखर्चाला, देवाधर्माला आणि त्या बाईच्या मर्जीला.

होळकरांच्या खासगीची सुरुवात तारखेनिशी ठाऊक आहे. मल्हारराव होळकर मूळचे होळ गावचे. हे गाव नीरेकाठी. नीरा पुढे नरसिंगपूरला भीमेला मिळते आणि तेच पाणी चंद्रभागा होऊन पंढरपूरच्या घाटाला लागते. धनगराच्या घरातला हा मुलगा पहिल्या बाजीरावांच्या मर्जीतला सरदार झाला, माळव्यात पाय रोवून उभा राहिला. २० जानेवारी १७३४ रोजी बाजीरावांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर करून दिली. तिचे सालिना उत्पन्न धरले होते २,९९,०१० रुपये. महेश्वरसारखे माळव्यातले महाल त्यात होते, तसे दक्षिणेतले चांदवड आणि अंबडही होते. २,९९,०१० हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

गौतमाबाई १७६१ मध्ये वारल्या आणि खासगी सुनेच्या हाती आली. ही सून म्हणजे जामखेडजवळच्या, सीनाकाठच्या चौंडी गावच्या माणकोजी शिंदे यांची मुलगी अहिल्या. १७२५ चा जन्म. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पडले. सासरे १७६६ मध्ये गेले. एकुलता एक मुलगा मालेराव पुढच्याच वर्षी गेला. राज्याची सूत्रे हाती आली तेव्हा अहिल्याबाई बेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि घरात स्वतःचा म्हणावा असा पुरुष उरला नव्हता. फौजेचे काम त्यांनी तुकोजी होळकरांकडे सोपवले, राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला नेली आणि दौलतीचा व खासगीचा हिशेब कधी एकमेकांत मिसळू दिला नाही. खासगीच्या खजिन्यावर त्यांनी तुळशीपत्र ठेवले, असे लोक सांगतात. ती कथा असेल, पण त्यांचे वागणे तसेच होते. फौजेला पैसा हवा म्हणून तुकोजींची पत्रे येत, कुरबुरी होत, तरी देवाचा पैसा तोफांच्या गाड्याला जुंपला गेला नाही.

त्या पैशातून काय उभे राहिले हे साऱ्या देशाने पाहिले आहे. १७८० मध्ये काशीविश्वेश्वराचे देऊळ, पुढे सोमनाथ, गयेचे विष्णुपद. कितीतरी क्षेत्रांत घाट, धर्मशाळा, विहिरी, अन्नछत्रे. दक्षिणेतल्या देवळांना गंगेचे पाणी पोचवण्याची व्यवस्था त्यांनी लावून दिली होती. माळव्यात कारभार केलेल्या जॉन माल्कमने त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांच्या आत पुस्तक लिहिले, तेव्हा लोकांच्या तोंडून त्याने हेच सारे ऐकले. पंढरपूरचा वाडा या मालिकेतलाच आहे. मधे चौक, भोवती ओसऱ्या, आत राम. मालकाने राहावे म्हणून तो बांधलेला नाही. महेश्वरात ज्या बाई साध्या घरात राहिल्या, त्यांना पंढरपुरात महाल कशाला हवा होता? देवाची पूजा अखंड चालावी आणि आल्यागेल्याला पाठ टेकायला जागा मिळावी, एवढ्यासाठी हा वाडा.

अशा वाड्याचा गाडा कसा चाले, हेही पाहण्यासारखे आहे. खासगीच्या गावात कमाविसदार सारा वसूल करी. हिशेब महेश्वरला जाई. तिथून दूरच्या क्षेत्रांना पैसा रोख क्वचितच निघे. रस्त्यावर पेंढारी आणि चोर होते, म्हणून सावकाराच्या हुंडीने तो पोचवला जाई. क्षेत्राच्या ठिकाणी कारकून असे. पुजाऱ्याची नेमणूक, नंदादीपाचे तेल, नैवेद्याचे तांदूळ, रामनवमीचा उत्सव, वारीतले अन्न, पावसाळ्याआधीची शाकारणी, अशा बाबी लावून दिलेल्या असत. माळव्यात गहू चांगला आला की चंद्रभागेकाठचा दिवा तेवत राहणार, इतकी सरळ ही नाळ होती.

वैराची वर्षे

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई गेल्या. त्यांच्या हयातीतच, १७९३ च्या जून महिन्यात, लाखेरीला महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेने तुकोजींच्या फौजेचा धुव्वा उडवला होता. आता तर आवर घालणारे कोणीच उरले नाही. ऑगस्ट १७९७ मध्ये तुकोजी वारले. महिन्याभरातच महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांच्या माणसांनी पुण्यात त्यांच्या मुलाच्या, मल्हाररावाच्या गोटावर छापा घालून त्याला मारले. आणखी एक मुलगा विठोजी. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात त्याला हत्तीच्या पायी दिले. त्यांचा भाऊ यशवंतराव हे विसरणार नव्हता.

ऑक्टोबर १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने यशवंतरावांचा इंदूरजवळ पराभव केला आणि शहर लुटले. अहिल्याबाईंनी मायेने वाढवलेले ते इंदूर. लुटीचा म्होरक्या होता कागलचा सर्जेराव घाटगे, दौलतरावांचा सासरा. वर्षभराने, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, यशवंतरावांनी हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजा मोडल्या. बाजीराव वसईला पळाला आणि इंग्रजांच्या कुशीत शिरला.

या सर्जेरावांची एक मुलगी होती. १७८४ मध्ये कागलला जन्मलेली, १७९८ मध्ये पुण्यात दौलतरावांशी लग्न लागलेली. तिचे नाव बायजाबाई. वडिलांनी इंदूर लुटले तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

मराठ्यांच्या दौलतीच्या शेवटच्या अंकाला सुरुवातही पंढरपुरातच झाली. जुलै १८१५ मध्ये, आषाढीच्या दिवसांत, बाजीराव इथे आला होता. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन बरोबर होते. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतलेली होती. रात्री देवळातून परतताना शास्त्रीबोवांचा खून झाला. संशय बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्याला ठाण्याच्या किल्ल्यात टाकले, तो तिथून निसटला, आणि एकातून एक गोष्टी वाढत १८१७ मध्ये युद्ध पेटले. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांची फौज हरली. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख होळकरांनी गमावला. फेब्रुवारीत पंढरपूरपासून फार दूर नसलेल्या आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. विठ्ठलाच्या गावात एका रात्री सांडलेल्या रक्ताचा ओघळ असा दूरवर गेला. होळकर उत्तरेचे संस्थानिक झाले, त्यांचा पंढरपूरचा वाडा त्यांच्या मुलखाबाहेर राहिला. तरी खासगी घराण्यातल्या ज्येष्ठ स्त्रीच्या नावे चालत राहिली, आणि तिच्याबरोबर वाड्यातली पूजाही.

बायजाबाईंचा द्वारकाधीश

बायजाबाईंचे आयुष्य म्हणजे एक मोठा प्रवास आहे. त्या पक्क्या घोडेस्वार होत्या. सावकारीच्या हिशेबात भल्याभल्यांना ऐकत नसत. वडील १८०९ मध्ये शिंद्यांच्याच छावणीत मारले गेले, ते दुःख त्यांनी गिळले. मार्च १८२७ मध्ये दौलतराव गेले, मुलगा नव्हता. दत्तक घेतलेल्या जनकोजीच्या नावाने बायजाबाईंनी सहा वर्षे ग्वाल्हेरचे राज्य चालवले. याच काळात, १८२८ मध्ये, त्यांनी काशीला ज्ञानवापीच्या विहिरीवर दगडी खांबांचा मंडप बांधला. अहिल्याबाईंच्या विश्वेश्वराशेजारीच. म्हणजे या दोन घरांचा शेजार आधी काशीत जुळला.

१८३३ मध्ये जनकोजीच्या पक्षाने बंड केले आणि बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. आग्रा, फत्तेगड, अलाहाबाद, मग नाशिक. वर्षानुवर्षे तंबूत आणि परक्या गावात. १८३५ मध्ये फत्तेगडला फॅनी पार्क्स ही इंग्रज प्रवासी बाई त्यांना भेटली. तिने लिहून ठेवलेल्या आठवणींत त्या भेटी फार जिवंत उतरल्या आहेत. इंग्रज बायका घोड्यावर एका बाजूला पाय सोडून बसतात, हे ऐकून मराठा बायकांना हसू आवरेना. मग फॅनी मराठमोळ्या पद्धतीने घोड्यावर बसली आणि तिला तेच बसणे बरे वाटले. पुढे बोलणे बायकांच्या हक्कांवर गेले. विलायतेत लग्न झालेली बाई कायद्याने पुरती नवऱ्याच्या ताब्यात असते, हे फॅनीने सांगितले. ज्या बाईने स्वतःच्या पेढ्या चालवल्या होत्या, तिला हे ऐकून काय वाटले असेल! इंग्लंडातल्या विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेवर पुरता हक्क मिळाला १८८२ च्या कायद्याने. गौतमाबाईंची सनद त्याच्या १४८ वर्षे आधीची आहे.

नाशिकची वर्षे संपून अखेर त्या शिंद्यांच्या मुलखात परतल्या. १८४९ मध्ये पंढरपुरात त्यांचे द्वारकाधीशाचे देऊळ उभे राहिले. तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या. शिंद्यांच्या घरात कृष्णभक्ती महादजींपासूनची, म्हणून कृष्णाचे देऊळ हे समजते. पण कृष्णाची इतकी रूपे असताना द्वारकाधीश का? मथुरा सोडून दूर समुद्राकाठी नवे घर वसवणारा हा देव. आणि पंढरीची कथाही अशीच आहे. रुसलेल्या रुक्मिणीला शोधत द्वारकेचा राणा दिंडीरवनात आला आणि पुंडलिकासाठी विटेवर उभा राहिला. ग्वाल्हेर सुटलेल्या, गावोगाव फिरलेल्या बाईला हा देव आपला वाटला असेल, असे मला मनापासून वाटते. वाड्यासाठी जागा निवडली ती होळकरांच्या रामाजवळची. ज्या घाटगे घराण्याच्या माणसाने अहिल्याबाईंचे इंदूर धुळीला मिळवले, त्याच माणसाच्या लेकीने अहिल्याबाईंच्या वाड्याशेजारी देवाचे घर बांधले. तहनाम्यात कुठे नोंदवला नसला, तरी या दोन घराण्यांतला खरा समेट हा आहे.

बायजाबाई १८६३ मध्ये ग्वाल्हेरला वारल्या.

जहागीर गेली, वाडा राहिला

मोठ्या घराण्याचे मोठे घर कसे टिकते, हा प्रश्न जगभर एकच आहे. इंग्लंडात डर्बीशायर परगण्यात हार्डविक हॉल नावाचे घर आहे. तेही एका विधवेने बांधले. एलिझाबेथ, श्रूजबरीची काउंटेस, जिला लोक बेस ऑफ हार्डविक म्हणतात. चार नवरे गेल्यावर हाती आलेल्या संपत्तीतून तिने १५९० मध्ये काम काढले आणि १५९७ मध्ये ती तिथे राहायला गेली. घराला सहा मनोरे आहेत आणि मनोऱ्यांच्या कठड्यांवर तिच्या नावाची आद्याक्षरे दगडात कोरलेली आहेत. मैलभरावरूनही ती वाचता यावीत, एवढी मोठी. घराभोवतीच्या जमिनीचा खंड येत होता तोवर घर दिमाखात राहिले. १९५० मध्ये तिच्या वंशातले, डेव्हनशायरचे दहावे ड्यूक वारले आणि इस्टेटीवर ऐंशी टक्के वारसा कर बसला. तो फेडताना १९५६ मध्ये हार्डविक सरकारच्या हवाली झाले आणि १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे गेले. आज तिथे तिकीट काढून लोक घर पाहायला जातात.

आपल्याकडचा घाव थोडा आधी बसला. २२ एप्रिल १९४८ रोजी मध्य भारत संघाचा करार झाला. ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख, इंदूरचे होळकर उपराजप्रमुख. लाखेरी आणि हडपसरचे वैरी एका कागदावर आले. त्या करारात खासगीबद्दल वेगळा मजकूर आहे. खासगीच्या मालमत्ता आणि उत्पन्न नव्या सरकारकडे जाईल, आणि त्या बदल्यात अहिल्याबाईंच्या धर्मादायासाठी सरकार दरसाल कायमचे २,९१,९५२ रुपये बाजूला काढील.

१७३४ मध्ये २,९९,०१०. १९४८ मध्ये २,९१,९५२. दोनशे चौदा वर्षांनी आकडा जवळजवळ तिथेच! पण बाजीरावांच्या काळच्या रुपयात चांदी होती, आणि आकडा गावांच्या वसुलीशी बांधलेला होता. पीक वाढले, दर चढले तर उत्पन्नही चढे. करारातला आकडा मात्र कागदावर गोठला. धान्य महागले, सुताराची मजुरी वाढली, सागवान तर सोन्याच्या भावाने गेले. तो आकडा जागचा हलला नाही. हार्डविकवर कर एका दिवसात कोसळला. आपल्या वाड्यांना महागाईने वाळवीसारखे दरवर्षी थोडे थोडे खाल्ले.

महाराजा दुसरे यशवंतराव होळकर डिसेंबर १९६१ मध्ये गेले. जून १९६२ मध्ये इंदुरात ‘खासगी (देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज) ट्रस्ट’ झाला आणि देशभरातल्या अडीचशेच्या आसपास वास्तू त्याच्या कारभारात आल्या. पंढरपूरचा वाडा त्यातलाच. पुढे काही ठिकाणच्या मालमत्तांच्या विक्रीवरून वाद उठला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने या ट्रस्टला सार्वजनिक न्यासाचा कायदा लागू ठरवला आणि झालेल्या विक्रीची चौकशी कायद्याप्रमाणे व्हावी असे सांगितले. गौतमाबाईंच्या खासगीचा प्रवास तिथवर पोचला. घरच्या बाईचा पैसा होता, तो आता लोकांचा ठरला. अहिल्याबाईंनी तो तसाच मानला होता.

याच सुमारास पंढरपुरात नवी चर्चा सुरू झाली. काशीच्या धर्तीवर देवळाभोवती कॉरिडॉर व्हावा, रस्ते रुंद व्हावेत. आषाढीला लाखोंचा समुदाय येतो. चेंगराचेंगरीची भीती खरी आहे, तिच्याकडे डोळेझाक करता येणार नाही. ज्यांची घरे-दुकाने आराखड्यात येतात त्यांची काळजीही तितकीच खरी आहे. या सगळ्यात वाड्यांचे म्हणणे मांडणारा कोणी हवा. काशीच्या कॉरिडॉरमध्ये अहिल्याबाईंचा पुतळा बसवला गेला, हे योग्यच झाले. पंढरपुरात पुतळ्याचीही गरज नाही. त्यांचा वाडाच आहे, आणि शेजारी बायजाबाईंचा आहे.

आषाढीच्या दिवसांत जुन्या वाड्याच्या चौकात कधी उभे राहून पाहावे. खांबाखांबाला दोऱ्या बांधून ओली धोतरे आणि नऊवारी वाळत घातलेली. खुंटीला वीणा, भिंतीशी पखवाज, त्यावर कुणाचा फेटा. कोपऱ्यात तीन दगडांच्या चुलीवर पिठले रटरटते आहे. दोनशे किलोमीटर चालून आलेली एक म्हातारी तळपायाला खोबरेल चोळत ओसरीला टेकली आहे. हे घर कोणत्या सरदाराचे, हे तिला ठाऊक नाही. रात्री पाऊस आला तर अंगावर छप्पर आहे, एवढे तिला पुरेसे आहे. वाडा ज्यासाठी बांधला ते काम तो आजही करू शकतो, हे या चित्रातून समजते. हार्डविकसारखे दोरी लावून, आत जाऊ नका म्हणून जपायची ही वास्तू नव्हे. वापरली तर ती टिकेल.

म्हणून मागणे साधे आहे. आराखडा कोणताही होवो, हे दोन वाडे त्यात अडथळा म्हणून धरू नयेत. जाणत्या गवंड्यांकडून आणि सुतारांकडून त्यांची डागडुजी व्हावी, चुन्याच्या जागी सिमेंटचे लिंपण करून त्यांचा श्वास कोंडू नये. बेसने आपले नाव मनोऱ्यांवर कोरले. आपल्या या दोघींनी देवाचे नाव पुढे केले आणि स्वतःचे मागे ठेवले. ते पुढे आणायचे काम आता आपले. होळकर वाड्याच्या दारावर अहिल्याबाईंचे आणि शिंदे वाड्याच्या दारावर बायजाबाईंचे नाव ठसठशीत लिहावे, आणि दार वारकऱ्यांसाठी उघडे ठेवावे.